वैनगंगेकाठचा काळा दगड आणि सोडियमचा विद्युत्घट

ज्या प्रांतात धान पिकते त्या प्रांताचा इतिहास लिहिणारा लेखक सहसा तलाव, मालगुजारी आणि दुष्काळ यांच्यापलीकडे जात नाही. गोंदिया जिल्ह्याविषयीही असेच झाले आहे. १९९९ साली १ मे रोजी भंडारा जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. त्याची ओळख करून देताना भाताच्या गिरण्या, विडीचा धंदा आणि जुने मामा तलाव यांची नावे घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु जमिनीवरच्या पिकाला जसा इतिहास असतो तसा जमिनीखालच्या दगडालाही असतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील मँगनीजचा इतिहास हा असा आहे की त्याचे पहिले प्रकरण लोखंडाच्या भट्ट्यांनी लिहिले, दुसरे हातबत्तीतील कोरड्या घटाने लिहिले, आणि तिसरे प्रकरण सध्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांतून लिहिले जात आहे. ते तिसरे प्रकरण सोडियमच्या विद्युत्घटाचे होय. या तीन प्रकरणांचा परस्परसंबंध वाचकांपुढे मांडावा, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम दगडाकडे पाहू. बालाघाटपासून भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतून छिंदवाड्याकडे सुमारे दोनशे किलोमीटर लांबीचा एक पट्टा गेला आहे. अतिप्राचीन काळी समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचे उष्णता व दाब यांनी रूपांतर होऊन तेथे मँगनीजयुक्त खडक बनले. छिंदवाडा जिल्ह्यातील सौंसर या गावावरून भूशास्त्रज्ञ या खडकसमूहास ‘सौंसर’ असे म्हणतात. लुईस ली फर्मोर या इंग्रज भूशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातील मँगनीजच्या साठ्यांवर हजाराहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ १९०९ साली भूगर्भ सर्वेक्षण खात्यातर्फे प्रसिद्ध केला. या पट्ट्यातील एका विशिष्ट खडकास, म्हणजे गारगोटी व मँगनीजयुक्त तामडा यांच्या मिश्रणास, त्याने गोंड लोकांच्या नावावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. जगभरच्या भूशास्त्रात हे नाव रूढ झाले आहे. ज्या लोकांनी या रानात शतकानुशतके वस्ती केली त्यांचे नाव शास्त्रात दगडाला मिळाले. त्या दगडाच्या किमतीत मात्र त्यांच्या वाट्यास टोपली वाहण्याच्या मजुरीपलीकडे फारसे आले नाही.

हिंदुस्थानात मँगनीजचे खाणकाम १८९२ साली विशाखापट्टणकडे सुरू झाले, आणि विसावे शतक उजाडता उजाडता मध्यप्रांताने त्यात आघाडी घेतली. १८९६ साली स्थापन झालेली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही विलायती मंडळी या कामात मुख्य होती. पोलादास मँगनीज लागतेच. ते पोलादातील गंधकाचा दोष काढते व त्यास चिवटपणा देते. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धाने व त्यानंतरच्या रशियातील उठावाने कॉकेशसमधील मँगनीजचा पुरवठा विस्कळीत होताच युरोपातील पोलादवाल्यांची दृष्टी इकडे अधिकच वळली. गोंदिया हे बंगाल-नागपूर रेल्वेवरील स्थानक. तेथून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपुरास जाणारा सातपुड्याचा अरुंद मार्ग १९०३ ते १९०५ या काळात बांधला गेला, आणि गोंदिया हे जंक्शन झाले. खाणी शेजारच्या तालुक्यांत, पण माल व माणसे यांची वाट गोंदियावरून, असा हा संबंध होता. पुढे १९३३ साली विशाखापट्टणचे बंदर उघडले. त्या बंदराच्या योजनेमागे मध्यप्रांतातील मँगनीजला समुद्र जवळ करून देणे हा एक स्पष्ट हेतू होता. येथील दगडासाठी बंदर बांधले गेले, परंतु दगडाचे पोलाद करणारी भट्टी येथे कोणी बांधली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

राजकीय सीमांनीही या पट्ट्याची वाटणी केली. १८६७ साली बालाघाट जिल्हा बनला तोच मुळी भंडारा, मंडला व शिवनी यांचे भाग तोडून. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट मध्यप्रदेशात राहिले आणि भंडारा मुंबई राज्यात आले. १९६० साली ते महाराष्ट्राचे झाले. खडकाची शीर मात्र अशा रेषा जाणत नाही. १९६२ साली केंद्र सरकार आणि ही दोन राज्ये यांच्या भागीदारीने जुन्या विलायती कंपनीच्या खाणी नव्या संस्थेकडे आल्या, १९७७ साली विलायती भागही सरकारने घेतला, आणि तीच संस्था आज ‘मॉइल’ या नावाने नागपुरातून कारभार पाहते. २०२४-२५ या वर्षात तिने सुमारे १८ लाख टन मँगनीज काढले. त्यातील फार मोठा भाग आजही पोलादाच्याच वाटेने जातो.

आता दुसरे प्रकरण. भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग नावाची उघडी खाण आहे. तेथील काही दगड इतर खाणींहून वेगळा पडतो, कारण त्यात मँगनीज डायऑक्साइड चांगल्या प्रमाणात असते. या पदार्थाचे महत्त्व १८६६ साली जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने दाखवून दिले. जस्ताचे एक टोक, नवसागराचे पाणी आणि मँगनीज डायऑक्साइड व कोळसा यांच्या मिश्रणाचे दुसरे टोक, असा त्याचा घट होता. पुढे १८८० नंतरच्या दशकात त्याच घटाचे कोरडे रूप निघाले आणि तेच आपल्या घरोघरच्या हातबत्तीत व रेडिओत आले. रात्री बांधावर पाणी पाहावयास जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातातील प्रकाश हा अशाच काळ्या भुकटीच्या आधारे पडत असे. डोंगरीचा दगड कोरड्या घटांच्या कारखान्यांस जाऊ लागला. पुढे तेथेच देशी तंत्राने विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनविण्याचा कारखानाही उभा राहिला. त्याची क्षमता वर्षाला सुमारे दीड हजार टनांची आहे. लाखो टनांच्या तुलनेत हा आकडा लहान आहे खरा. परंतु या पट्ट्यात दगडाचा ‘पदार्थ’ करण्याचा जो प्रयत्न झाला त्यात याला मानाचे स्थान दिले पाहिजे.

घटाच्या धन टोकाशी असलेल्या आणि घट चालू असताना इलेक्ट्रॉन स्वीकारणाऱ्या पदार्थास कॅथोड म्हणतात. लेक्लांशेच्या घटातील कॅथोड मँगनीज डायऑक्साइडचा होता, म्हणजे कॅथोडच्या इतिहासात आमच्या काळ्या दगडाचे स्थान पहिल्या पानापासून आहे. पण त्या घटात एक उणीव होती. वीज देताना त्या पदार्थाची अंतर्रचना बदलून जाई व ती पुन्हा पूर्ववत होत नसे. म्हणून घट संपला की फेकून द्यावा लागे. पुन्हा पुन्हा भारता येईल असा घट हवा असेल तर कॅथोड निराळ्या स्वभावाचा पाहिजे. त्याची स्फटिकरचना एखाद्या घरासारखी स्थिर असावी आणि विद्युत्भारित अणू, ज्यांस आयन म्हणतात, पाहुण्यासारखे त्यात येऊन राहावेत व परत जावेत. पाहुणा आला-गेला म्हणून घराच्या भिंती पडू नयेत. कॅथोड सुधारणे म्हणजे या घराची डागडुजी करणे, इतके सोपे सूत्र वाचकांनी मनाशी धरले तरी पुढचा वृत्तांत समजण्यास पुरेसे आहे.

हा पाहुणा लिथियम असावा की सोडियम, हा प्रश्न आरंभी खुला होता. फ्रान्समध्ये बोर्दो येथे हागेनमुलर यांच्या प्रयोगशाळेत १९७१ सालीच सोडियम व मँगनीज यांच्या ऑक्साइडांचा अभ्यास झाला होता. त्याच शहरात १९८० च्या सुमारास क्लोद देलमास यांनी सोडियम-कोबाल्ट ऑक्साइडातून सोडियम काढता व परत घालता येतो हे दाखविले. त्याच १९८० साली ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडाचा कॅथोड पुढे आणला. दोघे धावपटू एकाच रेषेवर उभे होते असे म्हणावयास हरकत नाही. परंतु ऋण टोकासाठी लागणारे ग्रॅफाइट लिथियमला सहज सामावून घेते आणि सोडियमला घेत नाही. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने लिथियमचा घट बाजारात आणला, आणि सोडियमचा अभ्यास जवळजवळ अडगळीत पडला. २००० साली कॅनडातील डाल्हौसी विद्यापीठात स्टीव्हन्स व डान यांनी ‘कठीण कर्ब’ या अस्ताव्यस्त रचनेच्या कोळशात सोडियम राहू शकतो असे सिद्ध केले, तेव्हा ऋण टोकाची अडचण सुटली आणि सर्वांचे लक्ष पुन्हा कॅथोडकडे गेले.

सोडियमकडे परत येण्याचे कारण उघड आहे. भूकवचात सोडियम लिथियमच्या हजारपटीहून अधिक आहे. समुद्र त्याने भरला आहे आणि आपल्या स्वयंपाकघरातील मीठ त्याचेच आहे. लिथियम मात्र मोजक्या देशांत काढले व शुद्ध केले जाते, आणि आपल्या देशास ते बाहेरून आणावे लागते. शिवाय सोडियमच्या घटात दोन्ही टोकांस ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चालतो, महागडे तांबे लागत नाही. याच्या उलट सोडियमचा अणू लिथियमच्या तिपटीहून जड व त्याचा आयन अधिक मोठा. म्हणून तेवढ्याच वजनात वीज थोडी कमी साठते, आणि मोठा पाहुणा घराच्या दारांवर व भिंतींवर अधिक ताण देतो.

बहुतेक ऑक्साइड कॅथोडांची रचना थरांची असते. धातू व ऑक्सिजन यांचा एक थर, त्यावर सोडियमचा थर, पुन्हा धातूचा थर, अशी ती रचना. गोंदियाच्या धान-गोदामात पोत्यांची थप्पी पाहिलेल्या वाचकास हे समजणे कठीण नाही. थप्पीतील मधली काही पोती ओढून काढली तर वरचे थर सरकू लागतात. सोडियम बाहेर निघाला की कॅथोडातील थरही असेच सरकतात. देलमास व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियमच्या बैठकीवरून या रचनांचे वर्गीकरण केले. एका प्रकारात सोडियम अधिक मावतो पण त्याची वाट अरुंद असते. दुसऱ्यात वाट रुंद असल्याने तो जलद ये-जा करतो, पण आरंभी पुरेसा सोडियमच नसतो. या दोन गुणांचा मेळ घालण्यात संशोधकांची मोठी शक्ती खर्च झाली आहे.

येथे मँगनीज पुन्हा रंगभूमीवर येते. कोबाल्ट महाग, निकेल त्याहून स्वस्त पण तरी महागच. मँगनीज व लोह मात्र विपुल. मग सारा कॅथोड मँगनीजचाच का करू नये? अडचण अशी की सोडियम आत येताच मँगनीजच्या काही अणूंवर तीन धन भार राहतो, आणि अशा अणूभोवतीचे ऑक्सिजन एका दिशेने ताणले जातात. हा स्वभाव हर्मान यान व एडवर्ड टेलर यांनी १९३७ सालीच गणिताने सांगितला होता. प्रत्येक वेळी घट भरताना व रिता करताना हे ताणणे व सैलावणे होत राहते. शेकडो फेऱ्यांनंतर कणांस तडे जातात, मँगनीज द्रवात विरघळू लागते आणि घटाची धारणाशक्ती उतरते. १९०९ च्या ग्रंथात ज्या मूलद्रव्याची इतकी स्तुती झाली त्याचा हा दुर्गुण प्रयोगशाळेत उघडा पडला.

त्यावर उपाय हळूहळू, एकेका धातूच्या चिमटीने सापडत गेले. २००१ साली डान यांच्याच प्रयोगशाळेत मँगनीजबरोबर एक-तृतीयांश निकेल घालून पाहिले. मँगनीजवरचा भार चारवर स्थिर राहिला, इलेक्ट्रॉनांची देवघेव निकेलने केली, आणि ताणण्याचा दोष टळला. परंतु अधिक दाबाने भरताच थर सरकून पदार्थाचे आकारमान सुमारे पाचव्या हिश्श्याने आकसू लागले. मग मॅग्नेशियमची भर घालण्यात आली. त्याचे अणू धातूच्या थरांत बसले म्हणजे सोडियम गेला तरी थर सरकण्यास अडथळा होतो. टायटॅनियमच्या भरीने सोडियमच्या अणूंची ठरावीक ओळीत जखडून बसण्याची खोड मोडली. इंग्लंडातील फॅरेडियन कंपनीने निकेल, मँगनीज, मॅग्नेशियम व टायटॅनियम या चौघांचा कॅथोड केला. चीनमधील संशोधकांनी तांबे, लोह व मँगनीज यांचा मेळ घातला. २०१२ साली टोकियोत कोमाबा व याबुउची यांनी अर्धे लोह व अर्धे मँगनीज घेऊन, कोबाल्ट व निकेल यांशिवाय, उत्तम धारणाशक्तीचा पदार्थ दाखविला. त्या पदार्थाच्या एका किलोत मँगनीज पाव किलोहून थोडे अधिक येते. त्यात मेख अशी होती की त्या पदार्थात जन्मतः सोडियम कमी. प्रयोगशाळेतील आकडा ऋण टोकाच्या शुद्ध सोडियममधून उसना घेतलेला होता. खऱ्या घटात ती उसनवारी चालत नाही, आणि तूट भरून काढण्याच्या युक्त्यांवर अजून काम चालू आहे.

निष्पक्षपातासाठी दुसऱ्या पंथांचाही उल्लेख केला पाहिजे. फॉस्फेटांच्या जाळीदार रचना थरांपेक्षा पुष्कळ टिकाऊ, पण त्यांतील उत्तम कॅथोडास व्हॅनेडियम लागते व ते स्वस्त नाही. २०१४ साली टोकियोत यामादा यांच्या प्रयोगशाळेत प्रबीर बारपांडा या भारतीय संशोधकाने सोडियम, लोह व सल्फेट यांचा स्वस्त कॅथोड पुढे आणला. पण त्यास दमट हवा सोसत नाही. प्रशियन निळा हा अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये निघालेला चित्रकारांचा रंग. त्याच्या जातीचे पदार्थही कॅथोड म्हणून चालतात, मात्र त्यांच्या रचनेत अडकलेले पाणी काढणे जिकिरीचे. थरांचे ऑक्साइडही पावसाळी हवेत आपला सोडियम गमावून पृष्ठभागावर क्षार धरतात. ज्या प्रदेशात चार महिने भिंतींना ओल असते तेथे असा कारखाना काढावयाचा तर कोरड्या हवेच्या खोल्यांचा खर्च आधी धरावा लागेल, हे येथील उत्साही मंडळींनी विसरू नये.

महाराष्ट्रात या विद्येने मूळ धरले ते पुण्यास. डॉ. सतीशचंद्र ओगले यांनी तेथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत या घटांवर दीर्घकाळ काम केले, आणि २०२३ सालच्या डिसेंबरात केपीआयटी या पुण्याच्या कंपनीने त्या सहकार्यातून सिद्ध झालेले सोडियम घटाचे तंत्र जाहीर केले. दर किलोस १०० ते १७० वॅट-तास वीज साठविणारे त्याचे अनेक प्रकार असल्याचे कंपनीने सांगितले. त्याआधी, २०२१ साल सरता सरता, मुंबईच्या रिलायन्स समूहाने फॅरेडियन विकत घेण्याचा करार जाहीर केला होता. म्हणजे मँगनीजच्या कॅथोडाची एक विलायती विद्या मुंबईच्या मालकीची झाली आहे, दुसरी देशी विद्या पुण्यात आहे, आणि मँगनीज वैनगंगेकाठी आहे. या तिघांची गाठ अद्याप पडलेली नाही.

ती आपोआप पडेल असे मानणे भोळेपणाचे होईल. २०२२ साली लिथियमचा भाव आकाशास भिडला तेव्हा सोडियमचे पुष्कळ गोडवे गायले गेले; पुढील दोन वर्षांत तो भाव कोसळला आणि सोडियमच्या स्वस्ताईचे गणित बिघडले. प्रशियन निळ्यावर भिस्त ठेवणारी अमेरिकेतील नेट्रॉन कंपनी २०२५ सालच्या सप्टेंबरात बंद पडली. दगड आणि कॅथोड यांमध्ये अंतरही मोठे आहे. दगड आम्लात विरघळवून, त्यातील लोह, चुना व जड धातू एकेक करून वेगळे काढून, मँगनीज सल्फेटचे अत्यंत शुद्ध स्फटिक करावे लागतात. या शुद्धीकरणाचा बहुतांश धंदा आज चीनच्या हाती आहे. तुमसरजवळ फेरोमँगनीजचा कारखाना निघाला होता, तो पुढे बंद पडला, हा धडाही ताजाच आहे.

तरीही आमचे मत असे आहे की ही संधी शंभर वर्षांपूर्वीच्या संधीहून निराळी आहे. तेव्हा पोलादासाठी कोळसा, भांडवल व बाजार हे तिन्ही परक्यांच्या हाती होते. आज सौंसर खडकाचा मालक आपलेच सरकार आहे, गिऱ्हाईक आपल्याच देशात उभे राहत आहे, आणि गरजही दाराशी आहे. गोंदिया जिल्ह्यातच तिरोड्यास २०१२ ते २०१४ या काळात ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले; उद्या दिवसा सूर्याची वीज वाढत जाईल तसतशी ती रात्रीसाठी साठविण्याची गरज वाढेल. जागेवर ठेवावयाच्या घटास थोडे अधिक वजन चालते, आणि तेथेच सोडियमचे खरे क्षेत्र आहे.

त्यासाठी मोठ्या कारखान्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. डोंगरीच्या दगडातून घटायोग्य शुद्धतेचे मँगनीज सल्फेट किती खर्चात निघते, हा प्रश्न एखाद्या चांगल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातला आहे. गोंदियात धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आहे, नागपुरास विश्वेश्वरय्यांच्या नावाची राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्था आहे, दोहोंच्या मध्ये खाणी आहेत. या भागातील रसायनशास्त्राचा पदवीधर आज पुण्यास किंवा हैदराबादेस औषधांच्या कारखान्यात नोकरी शोधतो. त्याच्या आजोबांनी ज्या दगडाच्या टोपल्या वाहिल्या त्या दगडाचे रसायन त्याला क्वचितच शिकविले जाते. जो दगड आपण टनावर विकतो तोच शुद्ध पदार्थ होऊन किलोवर विकला जातो, आणि या दोन भावांतील अंतर म्हणजे विद्येची किंमत होय. ती किंमत कोणी घ्यावयाची, हा निर्णय गेल्या शतकात येथील लोकांस विचारून झाला नाही. या शतकात तो विचारला जाईल तेव्हा उत्तर देण्यास समर्थ अशी माणसे गोंदिया-भंडाऱ्याच्या वर्गांतून तयार झालेली असावीत, एवढीच या इतिहासाची मागणी आहे.